स्क्रू घट्ट होता, वायर सैल होती

वस्तीत कोठे आग लागली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठरलेली ओळ येते, "आगीचे कारण शॉर्टसर्किट असल्याचा अंदाज." तेवढ्यावर विषय संपतो. ते नेमके कोठे झाले, कशाने झाले आणि ते टाळता आले असते का, हे कोणी सांगत नाही. ज्यांचे घर जळाले ते नशिबाला दोष देतात आणि पुन्हा तशीच वायर ओढून दिवा लावतात.

वाचकहो, मी वायरमन आहे. गेली अनेक वर्षे हेच काम करतो आहे. घरातल्या विजेच्या आगींमागे पुष्कळदा नशीब नसते, एखादा सैल जोड असतो. हे मी कोणा परक्याच्या घरावरून सांगत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात आग लागली होती आणि तो बोर्ड मी स्वतः जोडला होता.

१९९६ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. ताईचे घर म्हणजे चाळीतली एक खोली, पोटमाळा आणि मोरी. जुना लाकडी बोर्ड आणि चिनीमातीचे किटकॅट फ्यूज काढून मी तिला नवा एमसीबीचा डबा बसवून दिला. मी तेव्हा नवखा होतो. आयटीआय करून दोन वर्षे झाली होती आणि हातात काम आहे याचा मोठा अभिमान होता. दाजी म्हणाले, "आपल्या घरातला वायरमन आहे, बाहेरच्याला कशाला बोलवायचे?" मी रविवारी सकाळी सुरुवात केली आणि जेवायच्या आत काम संपवले. ताईने मटणाचे जेवण केले होते.

पुढे जानेवारीत थंडी वाढली. ताई पहाटे पाणी तापवायचा रॉड बादलीत टाकायची आणि त्याच वेळी दाजींच्या कंपनीचे कपडे व भाचीचा शाळेचा गणवेश इस्त्री करायची. आठ-दहा दिवसांपासून तिला घरात काहीतरी करपल्यासारखा वास येत होता. तिला वाटले, स्टोव्हचा असेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, उंदीर मेला असेल. एकदा बोर्डातून बारीक चरचर ऐकू आली, तेव्हा दाजींनी डब्यावर चापट मारली आणि आवाज थांबला. मला कोणी सांगितले नाही, कारण दिवे लागत होते, पंखा फिरत होता, सगळे ठीक होते.

एके दिवशी सकाळी सहाच्या सुमारास डब्यातून धूर निघाला आणि प्लॅस्टिक वितळून खाली टपकले. खाली फळी होती. फळीवर भाचीची पुस्तके, दहावीच्या वह्या आणि वर्षभर काढलेल्या टिपणांचा गठ्ठा होता. दाजींनी धावत जाऊन दाराबाहेरचा मेन स्विच पाडला आणि पोते टाकून आग विझवली. माणसांना काही झाले नाही. पण भाचीच्या वह्या गेल्या आणि परीक्षा दीड महिन्यावर आली होती. ती रडली नाही, जळक्या कागदांमधून वाचता येतील ती पाने वेगळी काढत बसली. ते दृश्य मी आजही विसरलेलो नाही.

मी जळालेला एमसीबी उघडून पाहिला. स्क्रू चांगला घट्ट पिळलेला होता. वायर मात्र जिथे असायला हवी तिथे नव्हती.

काय चुकले होते?

एमसीबीच्या तोंडाशी वायर घालायला छिद्र असते. आत धातूची एक छोटी चौकोनी पेटी असते, तिला आम्ही क्लॅम्प म्हणतो. स्क्रू पिळला की ही पेटी सरकते आणि आतल्या वायरला धातूच्या पट्टीवर दाबून धरते. पण पेटी आधी पूर्ण उघडली नसेल, तर वायर पेटीच्या आत न शिरता तिच्या मागून जाते. मग स्क्रू पिळला की रिकामी पेटीच आवळली जाते. हाताला स्क्रू घट्ट लागतो, कारागिराचे समाधान होते आणि वायर नुसती टेकून राहते. टेकलेल्या वायरनेही दिवा लागतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

ही चूक ओळखायला काही लागत नाही. स्क्रू पिळून झाल्यावर वायर दोन बोटांत धरून जरा ओढून पाहायची. हलली तर जोड खोटा. मी त्या रविवारी ओढून पाहिले नव्हते. जेवायची घाई होती.

उष्णता येते कोठून?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. उपकरणाचे वॅट २३० ने भागले की ते किती अँपिअर करंट ओढते ते कळते. १५०० वॅटचा रॉड साधारण साडेसहा अँपिअर ओढतो आणि १००० वॅटची इस्त्री सव्वाचार. दोन्ही एकदम लावली की अकरा अँपिअर झाले.

नीट दाबलेल्या जोडातून हा करंट सुखाने जातो, कारण तेथे विरोध जवळजवळ नसतोच. सैल जोडात मात्र तांब्याला तांबे दोन-चार ठिपक्यांवरच टेकलेले असते. एवढ्याशा वाटेतून सगळा करंट जायचा म्हणजे विरोध आला आणि विरोध आला की उष्णता आली. तिचा हिशेब असा: करंटचा वर्ग करायचा आणि विरोधाने गुणायचे. जोडात ओहमचा दहावा भाग एवढाच विरोध असला, तरी अकरा अँपिअरला तेथे बारा वॅट उष्णता निघते. तापून जोड काळा पडतो, त्यावर गंज धरतो आणि विरोध वाढतो. तो तिप्पट झाला की उष्णता छत्तीस वॅटवर जाते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा डाग द्यायचा सोल्डर पंचवीस वॅटचा असतो आणि त्याने शिसे-कथील वितळते. तसा सोल्डर बंद डब्यात, प्लॅस्टिकच्या मधोमध रोज पहाटे तासभर लावून ठेवला तर काय होईल, ते वाचकांनीच ठरवावे. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरचे वेष्टन ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले असते. त्यापुढे ते मऊ पडते, करपते आणि शेवटी पेटते.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. करंट निम्मा झाला तर उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. म्हणून रॉड आणि इस्त्री एकदम न लावता एकामागून एक लावली, तरी धोका पुष्कळ कमी होतो. याला पैसा लागत नाही. पण सैल जोडावर तो उपाय नव्हे. जोड दुरुस्तच करावा लागतो.

एमसीबी का पडला नाही?

दाजींनी मला हाच प्रश्न विचारला होता. "नवा एमसीबी बसवला होतास ना? मग तो पडला का नाही?"

एमसीबी दोनच गोष्टी ओळखतो. त्याच्या अंकापेक्षा जास्त करंट बराच वेळ वाहिला तर त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि तो पडतो. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडून एकदम प्रचंड करंट वाहिला तर त्यातले चुंबक त्याला क्षणात पाडते. ताईकडे एमसीबी १६ अँपिअरचा होता आणि करंट होता अकरा. म्हणजे एमसीबीच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नव्हते. सैल जोडाने करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. सैल जोडाला एमसीबी ओळखत नाही आणि फ्यूजही ओळखत नाही. त्याला ओळखणारे माणसाचे नाक, कान आणि डोळे असतात.

दुसरी एक चूक मी रोज पाहतो. एमसीबी वारंवार पडतो म्हणून लोक मोठ्या अंकाचा बसवतात. पूर्वी किटकॅटमध्ये फ्यूजची बारीक तार घालायच्या ऐवजी जाड वायरचे दोन-चार पदर किंवा टाचणी घालत, त्यातलाच हा प्रकार. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा अंक वायरच्या जाडीवरून ठरतो, आपल्या गरजेवरून ठरत नाही. घरात साधारणपणे १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला १० अँपिअर आणि २.५ च्या वायरला १६ अँपिअर असे धरतात. गीझर किंवा एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढतात. दिव्याच्या बारीक वायरवर ३२ चा एमसीबी बसवला, तर आधी वायर जळेल आणि मग एमसीबी पडेल.

चांगला जोड कसा असतो?

बोर्ड उघडायचे काम घरच्यांनी करू नये. पण कारागीर काम करत असताना शेजारी उभे राहून पाहायला आणि विचायला कोणाची हरकत नाही. प्रामाणिक कारागीर रागावणार नाही. काय पाहावे ते सांगतो.

वायरचे वेष्टन क्लॅम्पच्या लांबीएवढेच सोलावे. कमी सोलले तर स्क्रू प्लॅस्टिकवर बसतो आणि तांबे सैल राहते. जास्त सोलले तर उघडे तांबे बाहेर डोकावते. सोलताना ब्लेडने पदर कापले जाऊ नयेत.

हल्लीच्या वायरीत तांब्याचे अनेक बारीक पदर असतात. ते सगळे छिद्रात गेले पाहिजेत. जात नाहीत म्हणून पाच-सहा पदर छाटून टाकणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्याने वायर तेवढ्या जागी बारीक होते आणि तेथेच तापते. बारीक पदरांच्या टोकाला पिन लग चढवून तो यंत्राने दाबावा, म्हणजे सगळे पदर एकत्र धरले जातात. पदरांना सोल्डरचा डाग देऊन स्क्रूखाली घालू नये. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतो आणि जोड सैल होतो.

एका छिद्रात एक जाड आणि एक बारीक अशा दोन वायरी कोंबू नयेत. जाड वायर दाबली जाते, बारीक सुटी राहते. अनेक एमसीबींना एका बाजूने वीज द्यायची असेल तर वायरचे तुकडे जोडत नेण्याऐवजी तांब्याची कंगव्यासारखी तयार पट्टी मिळते, ती वापरावी. स्क्रू उत्पादकाने सांगितला आहे तेवढाच पिळावा. कमी पिळला तर सैल राहतो, अंगावर येऊन पिळला तर आटे जातात.

जुन्या चाळींतून ॲल्युमिनियमची वायर अजून सापडते. तिच्याबाबत विशेष जपावे. ॲल्युमिनियम मऊ असते, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपते आणि तापले की तांब्यापेक्षा जास्त फुगते. रोज फुगून-आकसून त्याचा जोड ढिला पडतो. शिवाय त्यावर वीज न वाहून नेणारा पातळ थर धरतो. ॲल्युमिनियम आणि तांबे यांना एकत्र पिळ घालून वरून टेप गुंडाळणे ही तर आगीची तयारीच. ओल लागली की दोन धातूंच्या जोडाला गंज चढतो. तेथे दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टरच हवा.

आणि टेप म्हणजे जोड नव्हे. टेप फक्त झाकते, धरून ठेवत नाही. वायरला जोड द्यावाच लागला तर तो कनेक्टरने, झाकणाच्या डब्यात द्यावा. माळ्यावर कपड्यांमागे लोंबता ठेवू नये.

न्यूट्रल आणि अर्थिंग

लोक फेजला भितात आणि न्यूट्रलकडे दुर्लक्ष करतात. पण जेवढा करंट फेजमधून येतो, तेवढाच न्यूट्रलमधून परत जातो. म्हणून न्यूट्रलच्या पट्टीवरचा सैल स्क्रूही तेवढाच तापतो. त्या पट्टीवर प्रत्येक वायरला स्वतंत्र स्क्रू असावा.

जुन्या बोर्डांत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन फ्यूज असत. यात मोठा दगा आहे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे विझतात आणि माणसाला वाटते वीज गेली. प्रत्यक्षात फेज घरभर जिवंत असतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनीही न्यूट्रलमध्ये असा फ्यूज ठेवायला मनाई केली होती. तुमच्याकडे अजून तसा बोर्ड असेल तर तो बदलून घ्यावा.

चाळीचा सामायिक न्यूट्रल सैल झाला तर वेगळीच लक्षणे दिसतात. एकाच वेळी कोणाच्या घरात दिवे भगभगतात आणि कोणाच्या घरात मिणमिणतात. अशा वेळी घरचा मेन स्विच बंद करून वीज कंपनीला कळवावे. नाहीतर टीव्ही, फ्रीज जळतात.

अर्थिंगची हिरवी वायर म्हणजे आपत्काळाची वाट. फ्रीजच्या किंवा इस्त्रीच्या पत्र्यात वीज उतरली तर ती या वाटेने जमिनीत जावी, माणसाच्या अंगातून जाऊ नये, यासाठी ती असते. नळाच्या पाइपाला बांधलेले अर्थिंग हे अर्थिंग नव्हे. मधला एखादा पाइप प्लॅस्टिकचा असला की वाट तुटली. घरातल्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडणेही चूक आहे.

३० मिलिअँपिअरचा पहारेकरी

अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी करंटवर आपला पंखा फिरतो. माणसाला मारायला त्याहून पुष्कळ कमी करंट पुरतो. अंगातून साधारण दहा मिलिअँपिअर वाहिले की हाताची मूठ आवळते आणि धरलेली वायर सोडता येत नाही. तीस मिलिअँपिअरच्या पुढे काही वेळ वाहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी माणसाला वाचवू शकत नाही. त्याच्या हिशेबात माणसाचा जीव घेणारा करंट फार क्षुल्लक असतो.

यासाठी आरसीसीबी नावाचे उपकरण असते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, हे ते सतत मोजते. मधून कोठे गळती झाली तर ते वीज तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. त्यावर 'टी' अक्षराचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटकन पडले तर ठीक, नाही पडले तर ते निकामी झाले आहे. मात्र एक ध्यानात ठेवावे. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरले, तर आरसीसीबीला गळती दिसत नाही. सैल जोडाची उष्णताही त्याला दिसत नाही. म्हणून ते एमसीबीच्या जोडीला असावे, त्याच्या जागी नव्हे.

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनी घरगुती जोडणीसाठी हे ३० मिलिअँपिअरचे संरक्षण सांगितले, पण लहान जोडणीला त्यातून सूट दिली. लहान जोडणी कोणाची असते? एका खोलीत राहणाऱ्याची. सूट कागदावर असते, विजेला ती कळत नाही. मोरीच्या ओल्या फरशीवर उभे राहून रॉड काढणारी माउली आपल्याच घरात असते. म्हणून नियम सक्ती करो वा न करो, काही दिवसांची मजुरी बाजूला काढून हे उपकरण बसवून घ्यावे. मोबाइलपेक्षा ते स्वस्त पडते.

घरच्यांनी काय पाहावे?

१. करपल्याचा किंवा रबर जळाल्याचा वास, बोर्डातून चरचर, डब्यावर तपकिरी डाग, दिवा लुकलुकणे, प्लग गरम लागणे ही सैल जोडाची लक्षणे आहेत. त्यातले एक जरी दिसले तरी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. डब्यावर चापट मारू नये.

२. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून त्याच्यापर्यंत येणारी वायर जिवंतच असते. म्हणून वीज बंद आहे या भरवशावर बोर्डात हात घालू नये.

३. डब्यातली रिकामी खाच उघडी ठेवू नये. पाल, झुरळ, धूळ आत जाते. तिला बसणारी प्लॅस्टिकची पट्टी मिळते.

४. बोर्डाखाली पुस्तके, कपडे, रॉकेल, सिलिंडर ठेवू नये. पडदा लावू नये.

५. जयंतीला किंवा लग्नकार्याला रोषणाईची माळ मेन स्विचला आकडा टाकून घेऊ नये. वायरमनकडून स्वतंत्र एमसीबीवर जोडून घ्यावी.

६. काम परवानाधारक ठेकेदाराच्या माणसाकडून करावे आणि झाल्यावर त्याचा टेस्ट रिपोर्ट मागावा.

७. बोर्ड पेटला तर पाणी मारू नये. आधी मेन पाडावा. मग कोरडी वाळू टाकावी. आग आवरत नसेल तर मुलांना घेऊन बाहेर पडावे आणि १०१ ला फोन करावा. कोणाला करंट लागला तर त्याला हात लावू नये. मेन बंद करावा किंवा कोरड्या लाकडाने वायर दूर करावी आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

वस्तीतली आपली अनेक मुले आज आयटीआयला वायरमन, इलेक्ट्रिशियनचा अभ्यास करतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. परवाना काढा, चांगली हत्यारे घ्या आणि घरच्या कामाला घरचे काम समजून घाई करू नका. परक्याच्या घरी आपण जेवढे जपतो, त्याहून जास्त आपल्या माणसाच्या घरी जपावे लागते, कारण तेथे आपले काम कोणी तपासत नाही.

भाचीने त्या वर्षी मैत्रिणींच्या वह्या उतरवून परीक्षा दिली आणि ती पास झाली. आज तिचे स्वतःचे घर आहे. तेथला बोर्ड तिने मलाच जोडायला लावला. पण या वेळी ती खुर्ची घेऊन शेजारी बसली होती. प्रत्येक स्क्रू पिळून झाला की ती म्हणायची, "मामा, ओढून दाखवा." मी प्रत्येक वायर ओढून दाखवली.

तुम्हीही तुमच्या वायरमनला तेच सांगा.